पाळण्यातले पाय आणि पॅडमधले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपले वाडवडील सांगून गेले. दिसतात हे खरे. पण ते पाय पुढे कोणत्या वाटेला लागणार, किती लांब चालणार, मध्येच बसकण मारणार की काय, हेही पाळण्यातच दिसते किंवा कसे, याबद्दल मात्र त्यांनी सोयीस्कर मौन पाळले आहे. म्हणीचे हेच तर सुख असते! ती खरी ठरली की आपण तिचा हवाला देतो, आणि खोटी ठरली की तिची आठवणही कोणाला होत नाही.

मला ती म्हण आठवली नेरूळच्या एका मैदानाच्या कुंपणाशी, सकाळी सात वाजता, हातात भाच्याची पाण्याची बाटली धरून उभा असताना.

झाले होते असे की, उन्हाळ्याच्या सुटीत चौदा वर्षांखालील मुलांसाठी तेथे पाच दिवसांचे क्रिकेट शिबिर भरले होते. शिबिर शिकविण्यासाठी कमी आणि पारखण्यासाठी अधिक. शंभराच्या आसपास मुले, नेट चार, आणि शेवटच्या दिवशी निवडावयाची मुले पंचवीस. आदल्या रात्री बहिणीचा फोन आला, "दादा, पाच दिवस तू याला घेऊन जा. ह्यांना रजा नाही, आणि मला त्या क्रिकेटातले ओ की ठो कळत नाही." मला कळते असा तिचा समज आहे. तो मी आजवर मोडला नाही.

भाचा अंगाने किरकोळ. किटबॅग तो नेत होता की किटबॅग त्याला नेत होती, हे लांबून सांगता आले नसते. मैदानात शिरताच एका माणसाने त्याच्या पाठीवर पिनांनी एक कागद लावला. त्या क्षणापासून त्याचे नाव गेले आणि तो झाला सत्तेचाळीस नंबर.

नवी मुंबई हे शहर मुळी माझ्या डोळ्यांदेखत वाढले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली तेव्हा खाडीच्या या बाजूला मिठागरे, भातखाचरे आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. पुढे वाशी झाली, नेरूळ झाले, बेलापूर झाले. पण क्रिकेटवेड्या मुलाला मात्र हार्बरच्या गाडीत किटबॅग कोंबून खाडी ओलांडावी लागे. शिवाजी पार्क गाठा नाहीतर आझाद मैदान. क्रिकेटचा देव तिकडे, भक्त इकडे! २००८ मध्ये नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम उभे राहिले, त्याच वर्षी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तेथे झाला, आणि देवाने एक पाऊल खाडीअलीकडे टाकले. आज कुंपणाशी उभे राहिलेल्या पालकांची गर्दी पाहिली तर बाकीचा देवही लवकरच इकडे बिऱ्हाड करील असे वाटते.

छत्रीवाले गृहस्थ

कुंपणाशी उभे असलेले बाप हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एक गृहस्थ मुलाचा प्रत्येक चेंडू मोबाईलवर टिपत होते. दुसरे "पुढे ये, पुढे ये" असे ओरडत होते. त्यांचा मुलगा पुढे आला आणि चेंडू मागे यष्टीवर गेला. तिसरे काहीच बोलत नव्हते, पण मुलगा बॅट फिरवी तेव्हा त्यांचेही मनगट फिरे. या मंडळींपासून दूर, गुलमोहराखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर एक वृद्ध गृहस्थ मिटलेली छत्री आणि एक लांबट वही घेऊन बसले होते. मुले त्यांना 'सर' म्हणत. निवड करणाऱ्या तिघांपैकी ते एक, असे कळले. एके काळी क्लब क्रिकेट भरपूर खेळलेले, आणि त्यानंतरचे सारे आयुष्य दुसऱ्यांची पोरे पाहण्यात घालविलेले.

मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी विचारले, "कुणाला घेऊन आलात?"

"भाचा आहे. सत्तेचाळीस नंबर."

"मग त्याच्याबद्दल एक अक्षर बोलायचे नाही. बाकी काय हवे ते विचारा."

मी विचारले, "शंभरातून पंचवीस कसे काय काढता, सर?"

"पहिल्या दिवशी काहीच काढत नाही. पहिल्या दिवशी धीट पोरे आणि भित्री पोरे एवढेच वेगळे होतात. खेळणारी आणि न खेळणारी वेगळी व्हायला तिसरा दिवस उजाडावा लागतो."

मग पाच दिवस, तुकड्यातुकड्याने, त्यांनी मला त्यांची विद्या सांगितली. बॅट कशी येते ते नंतर पाहावयाचे. आधी पाहावयाचे डोके. चेंडू खेळण्याच्या क्षणी डोके स्थिर असेल तर बाकीचे शिकविता येते. डोके डुलत असेल तर सुंदर फटकासुद्धा योगायोगाचा समजावा. मग पाहावयाचे, चेंडूचा टप्पा पोराला किती लवकर कळतो. ज्याला लवकर कळतो त्याच्यापाशी वेळ असतो, आणि ज्याच्यापाशी वेळ असतो तो घाईत दिसत नाही. गोलंदाजाचा वेग पहिल्या षटकात मोजावयाचा नाही. दमल्यावर, घामाने हात निसटत असताना, त्याचा टप्पा कोठे पडतो ते पाहावयाचे. क्षेत्ररक्षणात, ज्याच्याकडे चेंडू येणारच नाही तो काय करतो? हात कमरेवर ठेवून उभा राहतो, की फेकीच्या मागे धावून उभा राहतो?

"मारलेल्या चेंडूला टाळ्या मिळतात," ते म्हणाले, "सोडलेल्या चेंडूला माझी पेन्सिल मिळते."

आणि सर्वांत महत्त्वाचे त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितले. "चेंडू चुकला की पोरगा कुठे बघतो, हे पाहत जा. कुणी खेळपट्टीकडे बघतो, म्हणजे दोष जमिनीचा. कुणी बॅटकडे बघतो, म्हणजे दोष सुताराचा. कुणी कुंपणाशी बापाकडे बघतो. त्या बिचाऱ्याचा तर मला फार कळवळा येतो. आणि एखादा पुन्हा गोलंदाजाकडेच बघतो. त्याच्यापुढे मी खूण करतो."

"म्हणजे अखेर बरोबर कळते म्हणावयाचे."

सर हसले. "कळते कसले! उभ्या आयुष्यात मी जेवढे बरोबर निवडले, त्याहून जास्त चुकीने सोडले असतील. फरक इतकाच, की चुकीचा निवडलेला पोरगा चारचौघांत नापास होतो. चुकीने सोडलेला कुठे जातो ते कुणालाच कळत नाही. म्हणून आम्हां निवडणाऱ्यांची अब्रू शाबूत!"

हे वाक्य माझ्या डोक्यात पाचही दिवस घोळत राहिले. कारण आमच्या मुंबई क्रिकेटच्या पोथीत पारखीच्या ज्या ज्या गोष्टी आहेत, त्या नीट वाचल्या तर त्यांतल्या पुष्कळशा 'सोडल्याच्या'च आहेत.

झाडाआडची परीक्षा

सर्वांत प्रसिद्ध गोष्ट सचिन तेंडुलकरची. १९८४ च्या उन्हाळ्यात अकरा वर्षांच्या सचिनला त्याचा भाऊ अजित शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे घेऊन गेला. सर समोर उभे, आजूबाजूला अनोळखी पोरे. सचिन बावरला आणि काही धड खेळला नाही. सरांनी अजितला सांगितले, मुलगा अजून लहान आहे, थोड्या दिवसांनी आण. येथे गोष्ट संपली असती तर आचरेकर सरांना कोणी दोष दिला नसता. समोर जे दिसले त्यावरून त्यांनी दिलेला निकाल चोख होता. पण अजितने रदबदली केली. तुम्ही निघून गेल्यासारखे करा आणि लांबून पाहा, अशी त्याने गळ घातली. सरांनी ते ऐकले. झाडाआड उभे राहून पाहिले, तेव्हा तोच मुलगा मोकळा होऊन खेळत होता. पुढचे सारे जगाला ठाऊक आहे.

ही गोष्ट आपण सचिनची म्हणून सांगतो. मला विचाराल तर ती अजितची आणि आचरेकर सरांची आहे. एकाला दुसऱ्यांदा पाहावयास सांगण्याचे धैर्य होते, दुसऱ्यापाशी पुन्हा पाहण्याचा मोठेपणा होता. चांगल्या पारख्याची नजर तीक्ष्ण असते असे म्हणतात. ती परतही फिरावी लागते.

त्याच सचिनला १९८७ मध्ये मद्रासच्या एम. आर. एफ. पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली यांनी वेगवान गोलंदाज म्हणून नाकारले आणि फलंदाजीकडे लक्ष दे असे सांगितले. हा नकार मात्र शंभर नंबरी होता! त्याच वर्षी मुंबईच्या उत्कृष्ट कुमार क्रिकेटपटूचे पारितोषिक आपल्याला मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. ते मिळाले नाही. तेव्हा सुनील गावसकरांनी त्याला पत्र लिहून धीर दिला. हे पारितोषिक न मिळालेला आणखी एक खेळाडू कसोटी क्रिकेटमध्ये काही वाईट खेळला नाही, असा त्या पत्राचा आशय होता. तो खेळाडू कोण, हे सांगावयास नको. निवडीत राहून गेलेल्या मुलाला कोणी तरी दोन ओळी लिहिणे, हेही पारखीच्या कामातच मोडते.

आकड्यांची फसवणूक

कुणी म्हणेल, नजरेचा भरवसा नको, धावा मोजा. तेही करून पाहू.

१८९९ मध्ये इंग्लंडात क्लिफ्टन येथे ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाने एका डावात नाबाद ६२८ धावा केल्या. जगात एवढी मोठी धावसंख्या कोणीच केली नव्हती. हा मुलगा पुढे प्रथम दर्जाचा एकही सामना खेळला नाही. सैन्यात गेला आणि १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात पडला. त्याचा विक्रम ११६ वर्षे टिकला. तो मोडला आमच्या कल्याणच्या प्रणव धनावडेने. ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी आंतरशालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेतर्फे खेळताना या पंधरा वर्षांच्या मुलाने ३२७ चेंडूंत नाबाद १,००९ धावा केल्या. एका डावात चार आकडी धावा! समोरचा संघ मात्र दोन डावांत मिळून शंभरही करू शकला नव्हता. पहिल्या डावात ३१, दुसऱ्यात ५२.

मुलगा एका दिवसात देशभर गाजला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्या एका डावाचे ओझे घेऊन तो पुढे मैदानात उतरू लागला, आणि धावा आटल्या. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनीच असोसिएशनला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवावी असे कळविले. त्या पत्राबद्दल मला त्या बापाचा फार आदर वाटतो. चूक त्या मुलाची नव्हती. एका डावावरून आयुष्याचा हिशेब मांडणारे आपण, चूक आपली.

चार दिवसांचे अंतर

चौथ्या दिवशी मला एक गंमत दिसली. नेटमध्ये जी मुले उठून दिसत होती, ती बहुतेक अंगापिंडानेही थोराड होती. एकाला तर मिशी फुटू लागली होती. मी सरांना म्हटले, "ही सगळी चौदाखालचीच ना?"

"कागदावर चौदाखालचीच," सर म्हणाले. "पण चौदाखालच्यांतही थोरले-धाकटे असतात."

मुद्दा असा. आपल्या क्रिकेट मंडळाच्या वयोगटांची तारीख आहे १ सप्टेंबर. सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला मुलगा एकाच तुकडीत उभे राहतात. दोघांच्या वयात अंतर मात्र जवळजवळ वर्षाचे. चाळिशीतल्या माणसांत वर्षाचे अंतर म्हणजे काहीच नाही. तेराव्या वर्षी तेच अंतर चार बोटे उंचीचे आणि मनगटातल्या जोराचे असते. निवडणाऱ्याला वाटते आपण खेळ पाहिला. पुष्कळदा त्याने पाहिलेले असते कॅलेंडर!

क्रिकेट हा आमचा देव खरा. पण देवाच्या कारभारातल्या चुका मोकळ्या मनाने पाहावयाच्या, तर माणसाने जरा दुसऱ्याच्या देवळात जावे. हे कॅलेंडरचे कोडे प्रथम उलगडले ते कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत. तेथील मुलांच्या वयोगटांची तारीख १ जानेवारी. रॉजर बार्न्सली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह वरच्या दर्जाच्या खेळाडूंच्या जन्मतारखा मांडून पाहिल्या, आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केले की वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तीन महिन्यांतल्यांपेक्षा कितीतरी जास्त भरतात. कारण उघड आहे. लहानपणी जो चार महिने थोरला तो बलवान. बलवान म्हणून तो निवडला जातो. निवडला म्हणून त्याला चांगला शिक्षक, जास्त सराव आणि कडवे प्रतिस्पर्धी मिळतात. आणि मग तो खरोखरीच चांगला होतो. भविष्य खरे ठरते, कारण आपणच ते खरे ठरवितो.

त्या हॉकीवाल्यांइतका पारखीचा खटाटोप तर कोणीच करीत नसेल. अठरा वर्षांच्या पोरांची दरवर्षी क्रमवार निवड होते, मग उन्हाळ्यात प्रत्येक क्लब आपापल्या होतकरू मुलांचे शिबिर भरवितो. तेथे वेग मोजतात, दम मोजतात, पाहणारे देशोदेशी हिंडून टिपणे काढतात. एवढे करून काय होते? पावेल डात्स्युक हा रशियन खेळाडू आधी निवडीत कोणाच्याच डोळ्यांत भरला नाही, कारण चण लहान. १९९८ मध्ये डेट्रॉइटच्या क्लबने त्याला घेतले तेव्हा त्याचा क्रमांक होता १७१ वा. दुसऱ्या वर्षी त्याच क्लबने स्वीडनचा हेन्रिक झेटरबर्ग घेतला, २१० वा. दोघेही पुढे त्या खेळातले अग्रगण्य खेळाडू झाले. ज्यांनी त्यांना घेतले त्यांचे कौतुक होते. पण त्यांनीही तळाशीच घेतले, हे विसरू नये.

आपल्याकडे या कॅलेंडरात आणखी एक वाईट चाल आहे. काही पालक जन्मदाखल्यावर मुलाचे वय चोरतात. त्यासाठी क्रिकेट मंडळाने २०१२ पासून मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय तपासण्याची पद्धत घेतली. राहुल द्रविड यांनी २०१५ मध्ये पतौडी स्मृती व्याख्यानात या वयचोरीची गणना सामनेनिश्चितीसारख्या लबाडीच्या पंगतीत केली. कडक वाटते खरे. पण विचार करा, चोरलेले वर्ष कोणाच्या तरी पदरचे जाते. कुठल्याशा प्रामाणिक बापाच्या किरकोळ पोराचे ते असते.

मी सहज बोटे मोजली. भाच्याची जन्मतारीख २८ ऑगस्ट. म्हणजे त्याच्या आईने आणखी चार दिवस धीर धरला असता तर पोरगा पुढच्या वर्षी याच गटात थोरला म्हणून उभा राहिला असता. आता मात्र तो या तुकडीत धाकटा, आणि पुढच्या वर्षी गटाबाहेर. सोळाखालच्या पोरांत जावयाचे. तेथे पुन्हा धाकटा. चार दिवस! बहिणीला हे सांगावयाचे नाही असे मी तेथेच ठरविले.

पलीकडून येणारे चेंडू

मग करावयाचे तरी काय? पारख सोडून चिठ्ठ्या टाकावयाच्या?

नाही. अधिक डोळे लावावयाचे, आणि अधिक ठिकाणी. ज्येष्ठ क्रीडा पत्रकार मकरंद वायंगणकर यांनी ही कल्पना क्रिकेट मंडळापुढे मांडली. २००२ मध्ये मंडळाने प्रतिभाशोधाची एक शाखा काढली आणि दिलीप वेंगसरकर तिचे प्रमुख झाले. जुने खेळाडू गावोगाव पाठवावयाचे, लहान शहरांतली पोरे पाहावयाची, टिपणे पाठवावयाची. वेंगसरकर एक मजेदार हकिगत सांगतात. त्या शाखेतर्फे बंगालचे प्रकाश पोद्दार जमशेदपूरला एकोणीस वर्षांखालील मुलांचा सामना पाहावयास गेले होते. शेजारच्या मैदानावर दुसराच सामना चालला होता आणि तिकडून चेंडू वारंवार इकडे येऊन पडत होते. एवढे लांब मारतो तरी कोण, म्हणून पोद्दारांनी चौकशी केली. मारणारा होता महेंद्रसिंग धोनी. योजनेची वयोमर्यादा होती १९ आणि धोनी २१ वर्षांचा. नियमावर बोट ठेवून पोद्दार गप्प बसले असते तर त्यांना कोणी विचारले नसते. त्यांनी शिफारस केली, आणि वेंगसरकरांनी नियमाला मुरड घातली.

ती शाखा नंतर बंद पडली, हे आपल्या रिवाजाला धरूनच झाले. पण धडा राहिला. जो सामना पाहण्यासाठी आपल्याला धाडले आहे, त्यात नसलेला खेळाडूही पाहावा. चेंडू पलीकडून येत असेल तर उठून पलीकडे जावे.

नेरूळची ती रात्र

आणि या सगळ्याचा कळस ज्या मैदानाने पाहिला, ते आमच्या शिबिरापासून हाकेच्या अंतरावर उभे होते. रोज सकाळी त्याच्या दिव्यांचे खांब दिसत आणि मला ती रात्र आठवे.

२ नोव्हेंबर २०२५. डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. भारताच्या ७ बाद २९८. दक्षिण आफ्रिका सर्वबाद २४६. भारतीय महिलांनी प्रथमच विश्वचषक जिंकला. आता निवडीच्या डोळ्यांनी ती रात्र पुन्हा पाहा.

सामन्याची मानकरी कोण? शफाली वर्मा. ८७ धावा, वर दोन मोलाचे बळी. ही मुलगी मूळ पंधरा जणींच्या संघात नव्हतीच! २६ ऑक्टोबरला याच मैदानावर बांगलादेशाविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना प्रतिका रावलचा पाय दुखावला, म्हणून शफालीला बोलावणे गेले. प्रतिकाने तीनच दिवस आधी याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकले होते. अंतिम सामन्यात ती चाकांच्या खुर्चीत होती. निवडीत न आलेली खेळली, निवडलेली पाहत बसली. दैवाने दोघींनाही पारखून पाहिले.

उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांना उत्तर देताना नाबाद १२७ धावा करून जिंकून देणारी कोण? मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज. ही मुलगी लहानपणी महाराष्ट्राच्या सतरा वर्षांखालील संघातून हॉकीही खेळलेली आहे, आपली नेहमीची, गवतावरची हॉकी. २०२२ च्या विश्वचषकाच्या संघातून तिला वगळले होते. एवढेच कशाला, याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला बाहेर बसविले होते. त्यानंतर अकराव्या दिवशी तिने ती खेळी केली.

आणि या संघाचा प्रशिक्षक कोण? अमोल मुझुमदार. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रमतर्फे सचिन आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच. आचरेकर सरांचाच शिष्य. त्याची पाळी आलीच नाही. पुढे १९९४ मध्ये मुंबईतर्फे पहिल्याच रणजी सामन्यात त्याने २६० धावा केल्या. प्रथम दर्जाच्या पदार्पणात तेवढ्या धावा तोवर जगात कोणी केल्या नव्हत्या. तो १७१ सामने खेळला, ११,१६७ धावा केल्या, ३० शतके ठोकली, मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला, आणि भारतातर्फे एकही सामना खेळला नाही. तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण अशी मधली फळी असताना कोणाला काढून त्याला घ्यावयाचे, हा प्रश्नही खोटा नव्हता. त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणणारे म्हणोत. मला दिसते ते एवढेच की पॅड बांधून बसलेला तो मुलगा सदतीस वर्षे मैदान सोडून गेला नाही. आणि त्याच्या हाताखाली ज्या मुली आल्या त्यांत वगळल्या गेलेल्या होत्या, उशिरा बोलावलेल्या होत्या. बाहेर बसणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगण्यास त्याच्याहून अधिकारी माणूस कोठे मिळाला असता?

यादी

पाचव्या दिवशी दुपारी यादी वाचून दाखविली. नंबर वाचले जात होते आणि एकेक पोरगा टुणकन उडी मारीत होता. त्रेचाळीस झाला, पंचेचाळीस झाला, मग एकदम बावन्न. सत्तेचाळीस आला नाही. भाच्याने माझ्याकडे पाहिले नाही. वाकून पॅडचे पट्टे सोडू लागला. ते आधीच सुटलेले होते.

मी किटबॅग उचलली आणि निघालो, तोच गुलमोहराखालून हाक आली.

"ए सत्तेचाळीस! इकडे ये बाळ. नाव काय तुझे?"

पाच दिवसांत प्रथमच कोणी त्याला नाव विचारले होते. त्याने सांगितले.

"जन्मतारीख?"

"अठ्ठावीस ऑगस्ट, सर."

"तरीच!" सर मोठ्याने हसले. मग त्यांनी ती लांबट वही उघडली, पुढून नव्हे, मागून. शेवटच्या पानावर वर लिहिले होते, 'पुन्हा पाहणे'. खाली सात-आठ नंबर होते. त्यात सत्तेचाळीस होता. सरांनी त्याच्यापुढे बारीक अक्षरांत त्याचे नाव आणि जन्मतारीख लिहिली.

"परवा लागोपाठ तीन चेंडू चुकलास. आठवते?"

भाचा मान खाली घालून म्हणाला, "हो, सर."

"चौथ्याला कुठे बघत होतास?"

तो गोंधळला. "बॉलरकडे."

"बस्स. सोळाखालच्यांची चाचणी असेल तेव्हा ये. मी असेन, नसेन. ही वही ज्याच्या हाती देईन त्याला हे पान दिसेल. आणि जेवत जा जरा."

मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "आता बोलायला हरकत नाही. पण बोलण्यासारखे अजून काही नाही."

हेच त्यांच्या सचोटीचे टोक. त्यांनी भाच्याला आशा लावली नाही, निराशही केले नाही. तो पुढे काय होईल हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक असल्याचे सोंग त्यांनी केले नाही. शंभरातून पंचवीस निवडावेच लागतात. जागाच तेवढ्या असतात. पण वहीला मागचेही एक पान असावे.

परतताना हार्बरच्या गाडीत भाचा दाराशी उभा राहून खाडीच्या बाजूला पाहत होता. स्टेडियमचे दिव्यांचे खांब मागे गेले. घरी बहिणीने दार उघडले, त्याच्या तोंडाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "काय म्हणाले?"

मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, "पुन्हा बघू म्हणाले. आई, भूक लागलीय."

त्या रात्री तो तीन पोळ्या जादा जेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा कोपऱ्यातली किटबॅग जागेवर नव्हती. बहीण म्हणाली, "गेला खाली बिल्डिंगच्या आवारात. दादा, खरे सांग, आहे का रे याच्यात काही?"

मला क्रिकेटातले कळते असा तिचा समज आहे. त्या दिवशी प्रथमच तो मी मोडला. म्हटले, "माहीत नाही. पाहत राहावे लागेल."